इंदूमावशींची वॉरंटी

फोनवरचा माणूस खोटं बोलतोय हे एकदा लक्षात आलं, की इंदूमावशी चहाचा मग जवळ ओढून घ्यायच्या आणि खुर्चीत मागे रेलून बसायच्या. त्यांना राग यायचा नाही. बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा खुलायचा. पलीकडचा आपलं घोडं दामटत असायचा, की पार्सल उघडलं तेव्हाच दुर्बीण अशी वाकलेली होती, मी तर तिला हातही लावला नाही. मावशी सगळं ऐकून घ्यायच्या आणि अगदी सहज विचारायच्या, "बरं, त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण होतं?"

ही हकिगत शुगर लँडची. ह्यूस्टनला लागून असलेलं हे गाव तेव्हा आपल्या इंजिनियर आणि डॉक्टर मंडळींनी भरत चाललं होतं. हायवेच्या कडेला एका लांबलचक, बसक्या इमारतीत, फरश्यांच्या शोरूमच्या शेजारी आमचं वर्कशॉप होतं. युरोपातली एक जुनी कंपनी शिकारीच्या दुर्बिणी बनवायची, हातात धरायच्या आणि रायफलवर बसवायच्या. रायफलवरच्या दुर्बिणीला तिकडे स्कोप म्हणतात. या वस्तू इतक्या महाग, की टेक्ससमधले भलेभले रँचर, म्हणजे गुरांच्या मोठमोठ्या कुरणांचे मालक, त्या बायकोपासून लपवून विकत घेत. त्यांना आयुष्यभराची वॉरंटी असे. अमेरिकेच्या दक्षिण भागातला बिघडलेला प्रत्येक नग आमच्याकडे येई, बाकीच्या अमेरिकेतला थेट युरोपात जाई. आमच्याकडच्या वॉरंटी आणि दुरुस्ती खात्याच्या प्रमुख होत्या इंदुमती चव्हाण.

मी तिथे २००२ साली दुरुस्त्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायला गेलो. काम सहा महिन्यांचं होतं, ते पाच वर्षं चाललं, कारण मावशींना दर महिन्याला त्यात काहीतरी नवं हवं असे. मी पुण्याचा, शाकाहारी, आणि बंदूक म्हणाल तर दिवाळीत टिकल्यांची तेवढी उडवलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना "चव्हाण मॅडम" म्हणालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम म्हणायला मी काय शाळा तपासायला आलोय व्हय? मावशी म्हण. आणि जेवलास का?"

कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात हे मला ऐकून ठाऊक होतं. पण पांढरा कोट घातलेली, फिजिक्समध्ये एमएस्सी केलेली बाई टेक्ससमध्ये बसून तसं बोलताना पाहिली आणि मी गार झालो. मावशी ठेंगण्या होत्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. आवाज असा, की या टोकाला त्या शिंकल्या तर त्या टोकाला माणूस "ब्लेस यू" म्हणे. चव्हाणकाका तेलाच्या कंपनीत होते, त्यांच्यामागे त्या अमेरिकेत आल्या आणि घरी बसून कंटाळा आला म्हणून इथे रिसेप्शनवर लागल्या. रिसेप्शनवरून आतल्या टेबलावर त्या कधी गेल्या आणि आतल्या टेबलावरून अख्खं खातं कधी ताब्यात घेतलं, ते आमच्या मॅनेजरलाही सांगता येत नसे. मॅनेजर रँडी हा सहा फुटी टेक्सन, आणि मावशींसमोर तो टोपी काढून हातात धरी.

त्यांचे वडील तालमीत वस्ताद होते. एखाद्या अवघड स्कोपची दुरुस्ती जमली आणि तपासणीच्या यंत्रावर त्यातली नेम धरायची फुली बरोबर मध्यावर आली, की मावशी मांडीवर सणसणीत शड्डू ठोकत. सुरुवातीला बाकीचे लोक दचकत. नंतर तुआन, म्हणजे आमचा सगळ्यात जुना व्हिएतनामी कारागीर, स्वतःही हळूच मांडी थोपटून बघायला लागला. "कुस्ती मारल्याबिगर फेटा न्हाई" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते त्या इंग्रजीत भाषांतर करून रँडीलाही ऐकवत. रँडीनं आयुष्यात फेटा पाहिला नव्हता, तरी तो मान डोलावत असे.

आता वॉरंटीचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. छापील नियम साधा होता. बनावटीत दोष असेल तर दुरुस्ती फुकट. पडली, चिरडली, बुडाली तर खर्च गिऱ्हाइकाचा. मावशींनी त्याला स्वतःचं एक पोटकलम जोडलं होतं, जे कुठेही छापलेलं नव्हतं: गिऱ्हाईक खरं बोललं तर पहिली चूक माफ.

पूर्व टेक्ससमधल्या एका रँचरचा स्कोप एका बाजूनं पार चपटा होऊन आला होता. खोक्यात चिठ्ठी होती की माल मुळातच सदोष आहे. मावशींनी फोन लावला. स्कोपचं नाव नाही, वॉरंटीचं नाव नाही. तिकडे पाऊस किती झाला, गाई कशा आहेत, कुत्र्याचं नाव काय, अशी पंधरा मिनिटं गेली. मग तो प्रश्न आला, बरोबर कोण होतं. तो म्हणाला, माझी मुलगी होती, सहा वर्षांची, पहिल्यांदाच घेऊन गेलो होतो. मावशींनी विचारलं, तिला सीटवर बसवून बेल्ट लावताना रायफल कुठे ठेवली होती? मावशी चहा पीत राहिल्या. शेवटी तो म्हणाला की ट्रकच्या टपावर ठेवली होती, तशीच विसरलो, निघालो, आणि मागच्या चाकाखाली आली. बायकोला सांगू नका, एवढंच मागणं आहे.

स्कोप फुकट दुरुस्त होऊन गेला. डॅलसचा एक दाताचा डॉक्टर मात्र तीन फोन होऊनही, मी काही केलं नाही, या वाक्यावर अडून राहिला. त्याला बिल गेलं. बिल भरल्यावर त्याचं मन त्याला खाऊ लागलं असावं. त्यानं फोन करून सांगितलं की स्कोप झाडावरच्या मचाणातून पडला होता. मावशी त्याला प्रेमानं म्हणाल्या की वरातीमागून घोडं आलं. मग त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगण्यात त्यांनी पुन्हा दहा मिनिटं घालवली. तो डॉक्टर पुढे त्यांचा भक्त झाला.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये या कारभाराला जागाच नव्हती. बिघाडाचं कारण निवडायच्या यादीत "ट्रकच्या टपावर विसरला" असं मी कसं घालणार? मावशींनी ते घालायला लावलं. शिवाय शेजारी "खरं बोलला" असा एक चौकोन टिक करायला हवा म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, युरोपातले साहेब हसतील. त्यावर त्या म्हणाल्या, "हसू देत की. हसणाऱ्याचे दात दिसत्यात, आपलं काय जातंय?" चौकोन झाला.

शिकारीच्या मोसमात, नोव्हेंबर-डिसेंबरात, वर्कशॉपच्या दारात बर्फानं भरलेल्या पेट्या येऊन पडायच्या. आत हरणाचं मटण. मिस इंदूला सप्रेम भेट. टेक्ससमध्ये मोठ्या बाईला नावाआधी मिस लावून हाक मारतात, तशी अर्धी दक्षिण त्यांना मिस इंदू म्हणायची. मावशी ते मटण घरी नेऊन त्याचा तांबडा रस्सा करत आणि दुसऱ्या दिवशी भलंमोठं पातेलं घेऊन येत. रँडी डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत तिसऱ्यांदा वाढून घेई. माझ्यासाठी वेगळ्या डब्यात मटकीची उसळ असे आणि तिच्याबरोबर टोमणा असे. "ह्याला नगा देऊ. पुण्याचा हाय, वास आला तरी ह्याचं पोट बिघडंल." मी एकदा त्यांना विचारलं की तुम्हाला शिकार आवडते का. त्यांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नव्हती. जराही विचार न करता त्या म्हणाल्या, "मला मटण आवडतं."

असं सगळं मजेत चाललं होतं आणि मग २००६ चा दसरा आला.

कोल्हापूरकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. मावशी दरवर्षी वर्कशॉपमध्ये ती करायच्या. एका लांब टेबलावर धुतलेलं कापड, त्यावर तपासणीचं यंत्र, स्क्रू ड्रायव्हर, चिमटे, पकडी, सगळं हारीनं मांडलेलं. झेंडूची फुलं त्यांच्या अंगणातली. सोनं म्हणून वाटायला आपट्याऐवजी रस्त्याकडेच्या ऑर्किड ट्रीची पानं. म्हणजे आपला कांचनच तो, तिकडे ऑर्किड ट्री म्हणवून घेतो. तुआन उदबत्ती लावायचा, ते त्याला घरचंच काम होतं. रँडी टोपी काढून मागे उभा राहायचा.

पूजेला मांडलेल्यातलं काही कोरडं ठेवायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. कापडावर जे आहे त्या प्रत्येकाला हळदकुंकू लागलं पाहिजे. एकाला लावलं आणि एकाला नाही, हा अपमान समजतात. त्या दिवशी टेबलाच्या कडेला, कापडाच्या टोकावर, दुरुस्त होऊन पाठवायला तयार असलेला एक स्कोप कुणीतरी ठेवून गेलं होतं. मावशी मंत्र पुटपुटत आल्या आणि हाताच्या ओघात त्यालाही लावून गेल्या. काचेला बोट लागू द्यायच्या नाहीत त्या, तेवढं भान पूजेतही होतं. डोळा टेकवायच्या बाजूला रबराची कडा असते, तिच्यावर ओल्या कुंकवाचं बोट फिरवलं. पॅकिंगवाल्या पोरीला वाटलं, तपासणीची नवी खूण असेल. तिनं खोकं बंद केलं.

स्कोप होता पश्चिम टेक्ससमधल्या एका निवृत्त न्यायाधीशांचा. जजसाहेबांनी मोसमाच्या पहिल्या दिवशी, घरी जमलेल्या पाहुण्यांसमोर, रायफल खांद्याला लावली आणि स्कोपमधून बराच वेळ लांबवर पाहिलं. रायफल खाली घेतली तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती लालभडक कडं उमटलं होतं. ते धुऊन निघेना. दिवसभर ते तसेच हिंडले आणि रात्री जेवतानाही पाहुणे ताटात बघून हसत होते.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. आधी तो रँडीनं घेतला आणि त्याचा चेहराच उतरला. होल्डवर ठेवून तो मावशींकडे धावत आला आणि म्हणाला की तपासणीची शाई होती असं सांगू, माफी मागू, विषय संपला. मावशी म्हणाल्या की मी दिवसभर लोकांकडून खरं काढून घेतो आणि माझ्यावर आलं की शाई सांगू होय? त्यांनी फोन घेतला.

त्या इंग्रजीतच बोलत होत्या, पण मला ते मराठीच ऐकू येत होतं. चूक माझी आहे, त्या म्हणाल्या. आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात, तुमचा स्कोप त्या टेबलावर होता, मी त्याला कुंकू लावलं. नंतर जजसाहेबांनी विचारलं की पूजा करताना माझ्या स्कोपसाठी तुम्ही काय मागितलं?

मावशी म्हणाल्या, "ह्यातून बघणाऱ्याचा नेम चुकू नये. आणि जनावर जखमी होऊन तडफडत पळू नये."

जजसाहेब म्हणाले की हे मला पटलं. पण शनिवारी रात्रीच मी तुमच्या हेड ऑफिसला तक्रार पाठवली आहे, फोटोसकट. ती मागे घेणार नाही, कारण तिच्यात खोटं काही नाही. आज दुसरी पाठवतो, तिच्यातही खोटं काही नसेल. त्याप्रमाणे त्यांनी केलंही. पण डोळ्याभोवती लाल कडं असलेल्या न्यायाधीशाचा फोटो ज्या मेलबरोबर जातो, तीच सगळे वाचतात. दुसरी तिकडे कुणी उघडली असेल असं मला वाटत नाही.

हेड ऑफिसचे डोळे आमच्याकडे वळले ते असे. आधी कुंकवाची विचारणा झाली, मग फुकट दुरुस्त्यांची, मग माझ्या त्या "खरं बोलला" चौकोनाची. युरोपातली चौकशी, तीही साहेबांच्या सुट्ट्या सांभाळून, त्यामुळे पुढचा ऑगस्ट उजाडला. ऑगस्टात ब्रुनर नावाचे त्यांचे सर्व्हिसचे प्रमुख स्वतः आले. उंच, सडपातळ, अत्यंत सभ्य गृहस्थ. ह्यूस्टनच्या ऑगस्टात अंगात लोकरीचं जाकीट. मावशींनी त्यांना बघताच पहिली आज्ञा सोडली की यांना आधी पाणी द्या.

दोन दिवस ब्रुनरसाहेब शांतपणे सगळं पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रँडीला, मावशींना आणि आकडे दाखवायला म्हणून मला मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की वर्षअखेरीला हे वर्कशॉप बंद होईल. सगळ्या दुरुस्त्या युरोपात होतील. रँडीनं टेबलाची कडा धरली. काचेपलीकडे तुआन आणि बाकीची दहा-बारा माणसं मान खाली घालून काम करत होती, पण त्यांचे कान कुठे होते ते कळत होतं. त्यातल्या बहुतेकांना मावशींनी स्वतः निवडून आणून शिकवलं होतं.

ब्रुनरसाहेब म्हणाले, "मिसेस चव्हाण, तुम्ही गिऱ्हाइकाला खोटं बोलायला कारणच ठेवत नाही. असा धंदा चालत नाही."

"म्हणून तर मला खरं कळतं," मावशी म्हणाल्या. "आणि तुम्हाला कळत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या वर्षभर मेलमधून कळवत होत्या आणि तिकडे कुणी वाचत नव्हतं. स्कोपच्या आतून धुकं धरण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. युरोपात अशा प्रत्येक नगावर "गिऱ्हाइकानं पाडला" असा शेरा बसे, कारण प्रत्येक गिऱ्हाईक पाडला नाही म्हणून शपथ घेई आणि कुणावरच विश्वास ठेवायची तिकडे सोय नव्हती. मावशींच्या गिऱ्हाइकांना खरं सांगायची भीती नव्हती. ज्यानं पाडला तो सांगायचा की पाडला. ते सगळे बाजूला काढले तर मागे उरायचे न पाडलेले, आणि त्या प्रत्येकाच्या गोष्टीत एकच गोष्ट निघायची: स्कोप उन्हाळ्यात बंद ट्रकमध्ये, काचेमागच्या डॅशबोर्डवर राहिला होता. नव्या मॉडेलमध्ये डोळ्याच्या बाजूला आत जी रबरी रिंग घालतात ती या उष्णतेत ढिली पडते, आत भरलेला कोरडा वायू निसटतो आणि ह्यूस्टनची दमट हवा आत शिरते, असं मावशींचं म्हणणं होतं.

ब्रुनरसाहेब म्हणाले की त्या रिंगची कडक चाचणी झाली आहे, बर्फात, उंच डोंगरावर. ती चाचणी त्यांनी स्वतः घेतली होती.

"तुमच्याकडं डोंगर हायत," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडं पार्किंग लॉट हाय."

हे त्या इंग्रजीत म्हणाल्या, पण मी सांगतोय तेच खरं. मग त्या उठून उभ्या राहिल्या. ब्रुनरसाहेबांनी दुकानदारांना दाखवायला काही कोरे करकरीत नग आणले होते. त्यातला एक द्या, मावशी म्हणाल्या, आमच्याकडचा नको, उद्या म्हणाल हिनंच बिघडवला. तुमच्या हातानं ठेवा, तुमच्या हातानं ट्रकला कुलूप लावा, किल्ली तुमच्या खिशात, शुक्रवारी उघडा. त्यातून स्वच्छ दिसलं तर वर्कशॉपचं शटर मी स्वतः ओढते. नाही, मावशी 'ओढतो' म्हणाल्या असत्या.

रँडीचा पिकअप ट्रक उन्हात तोंड करून उभा केला गेला. स्कोप डॅशबोर्डवर. ब्रुनरसाहेबांनी कुलूप लावलं. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. पाणी प्यायला जाणारा प्रत्येक माणूस खिडकीशी दोन क्षण थांबून त्या ट्रककडे बघून येत होता. एका दुपारी आभाळ भरून आलं आणि सगळं वर्कशॉप सुतकात गेलं. मावशी दारात जाऊन ढगांकडे हात नाचवत कोल्हापूरच्या बाजूच्या दोन शिव्या देऊन आल्या. त्या मी इथे लिहू शकत नाही. तासाभरात ऊन पडलं. त्या शिव्यांनी पडलं असं तुआनचं मत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ब्रुनरसाहेबांनी कुलूप काढलं. तापलेला स्कोप रुमालात धरून ते आत आले आणि तो त्यांनी तपासणीच्या यंत्रावर ठेवला. सगळे भोवती जमले. ब्रुनरसाहेब वाकले आणि म्हणाले की अगदी स्वच्छ दिसतंय. रँडीनं डोळे मिटले.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "निवू दे."

एसी जोरात चालू होता. ब्रुनरसाहेबांनी पुन्हा डोळा लावला, आणि या वेळी तो काढलाच नाही. मग खिशातून मऊ कापड काढून त्यांनी काच पुसली आणि पाहिलं. दुसऱ्या बाजूची काच पुसली आणि पाहिलं. शेवटी ताठ उभं राहून, वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या हुशार मुलासारखा चेहरा करून ते म्हणाले, "धुकं आतून आहे."

मावशींनी मांडीवर असा शड्डू ठोकला की फरश्यांच्या शोरूममधला माणूस काय पडलं म्हणून विचारायला आला. त्यानंतर जो आरडाओरडा झाला तो मी आयुष्यात दुसरीकडे ऐकलेला नाही. रँडी टोपी उडवत होता. तुआननं मला, पुण्याच्या माणसाला, उचलून घेतलं, आणि मला ते आवडलं. दुसऱ्याच्या जिंकण्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. ब्रुनरसाहेब मात्र अजून त्या स्कोपकडेच बघत होते. मग ते म्हणाले की या नगांसाठी आम्ही किती लोकांना खोटं ठरवलं. मावशी त्यांच्यासमोर खुर्ची सरकवून बसल्या, त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या की आता खरं बोललात ना, पहिली चूक माफ. साहेब मोठ्यानं हसले. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं, आणि माणूस चांगला होता हो.

त्यांनी त्याच संध्याकाळी युरोपात फोन लावले. रिंग बदलली. ज्यांना विनाकारण बिलं गेली होती त्यांची माफी मागितली गेली. बंद होण्याची भाषा पुन्हा कुणी काढली नाही. उलट महिन्याभरात पत्र आलं की यापुढे अख्ख्या अमेरिकेच्या दुरुस्त्या शुगर लँडला होतील आणि युरोपात तुंबून पडलेलं कामही इकडेच पाठवत आहोत. कारागिरांची संख्या दुप्पट करा. ते पत्र मावशींनी दोनदा वाचलं आणि रँडीला म्हणाल्या की शेजारच्या फरश्यावाल्याला विचार, अर्धी जागा देतोस का.

माझं काम त्या ऑक्टोबरात संपलं. पुण्याला परत जायचं होतं. विमान संध्याकाळचं होतं, म्हणून दुपारी निरोप घ्यायला वर्कशॉपवर गेलो. जाताना काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. मावशी टेबलावर नव्हत्या. रँडीनं मागे बोट दाखवलं.

मागच्या माल उतरवायच्या धक्क्यावर त्या उभ्या होत्या. बंदरावरून युरोपची खोकी घेऊन एक प्रचंड लांब ट्रक आला होता आणि उलटा आत येत होता. ड्रायव्हर होता तिथलाच, तांबडी दाढी, टोपी, खिडकीतून मान बाहेर काढलेली. मावशी दोन्ही हातांनी त्याला बोलावत होत्या, आणि उत्साहाच्या भरात आपण कुठल्या भाषेत बोलतोय याचा त्यांना पत्ता नव्हता.

"ये, ये, ये. आजून ये. घाबरतोस काय, मी हाय की हितं."

त्या माणसाला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण तो येत होता. मला बघून त्यांनी मान वळवली, "पोचल्यावर फोन कर रे" म्हणाल्या आणि लगेच पुन्हा ट्रककडे वळल्या. मी पाठ केलेलं सगळं माझ्याजवळच राहिलं. त्यांनी ट्रकच्या अंगावर एक थाप मारली, ब्रेक लागले आणि ट्रक अलगद धक्क्याला टेकला. ड्रायव्हरनं उतरून मागचं दार उघडलं. आत खालपासून छतापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खोकीच खोकी होती. मावशींनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि सगळ्यांच्या आधी आत चढल्या.